नववीला ‘सिनेमा’ हा विषय : आठवड्याला एक तासिका, एक प्रोजेक्टर, ४८ पोट्टे. कसं बसवावं?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यातली अनुदानित शाळा, इयत्ता नववी, पट ४८. यंदा आठवड्याची एक तासिका सिनेमा शिकवायला मिळाली आहे, ४० मिनिटांची. सिनेमा ‘दाखवायचा’ नाही, कविता शिकवतो तसा शिकवायचा आहे. हाताशी असलेलं सामान असं: खोक्यावर ६००० लुमेन लिहिलेला एलईडी प्रोजेक्टर, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, प्रार्थनेचा भोंगा आणि शिक्षकांचे तीन फोन. खोलीला टिनाचं छप्पर आहे.

अडचणी अशा. राज्य मंडळात हा विषय कुठे आहे, कागदावर कशाला जोडू? अडीच तासांचा सिनेमा ४० मिनिटांत कसा घ्यायचा? दिवसा भिंतीवर काही दिसत नाही. शाळेत सिनेमा लावणं कायद्यात बसतं का? आणि गुण कशाला द्यायचे? मुलांना लिहायला सांगितलं की ती कथा लिहितात आणि खाली ‘या चित्रपटातून आपल्याला असा बोध मिळतो’.

चौकट_आणि_कट

आधी कागदाचं उरकू. राज्य मंडळात नववी-दहावीला चित्रपट असा स्वतंत्र विषय नाही. सीबीएसईत अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ हा कौशल्य विषय आहे (क्रमांक ८३५). आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळात आणि ब्रिटिश ए-लेव्हलला (आपल्या बारावीच्या तोडीचं) मात्र चित्रपट हा पूर्ण विषय आहे, परीक्षेसकट. तुमच्यासाठी सरळ जागा म्हणजे ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय. दहावीच्या इतिहासात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हा धडा आहे आणि विज्ञान भाग १ मध्ये भिंगांच्या धड्यात दृष्टिसातत्य (डोळ्यात प्रतिमा क्षणभर टिकणं) आहे. टाचणात हे तीन दुवे दाखवले की अधिकाऱ्यांच्या भेटीत कोणी हटकत नाही.

आता खरी गोष्ट. अडीच तासांचा सिनेमा ४० मिनिटांत बसवायचाच नाही. एका तासिकेला एक मिनिट पुरतं. आयबीच्या परीक्षेतही चित्रपटातला जास्तीत जास्त पाच मिनिटांचा एकच तुकडा घेऊन १७५० शब्दांपर्यंत विश्लेषण मागतात. कविता शिकवताना आपण पूर्ण संग्रह वाचून दाखवत नाही, तसंच हे.

सुरुवात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माळ्याच्या फिल्मने करा. १८९५ची, पाऊण मिनिटाची, मूक. २८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये तिकीट लावून झालेल्या खेळात ती होती. माळी पाईपने पाणी देतोय, मागून एक पोट्टा येऊन पाईपवर पाय ठेवतो, पाणी थांबतं, माळी तोटीत डोकावतो, पोट्टा पाय काढतो. मोटारीच्या पाईपवर पाय ठेवण्याची गंमत तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने केलेली असणार, त्यामुळे गोष्ट समजावण्यात एक मिनिटही जात नाही. तासिका अशी चालते.

पहिल्यांदा काही न सांगता दाखवा. वही बंद. दुसऱ्यांदा दाखवण्याआधी फळ्यावर मोठा आयत काढा आणि माळी, पोट्टा, पाईप सुरुवातीला कुठे होते ते मुलांकडून खुणा करून घ्या. इथे वर्गात भांडण होतं, कारण निम्म्यांना पोट्टा भलत्याच बाजूने आलेला आठवतो. होऊ द्या. तिसऱ्यांदा दाखवून तपासा. चौथ्यांदा फक्त शेवट पाहा: पोट्टा पळतो, माळी त्याला पकडतो आणि मारण्यासाठी परत पुढे, कॅमेऱ्यासमोर ओढून आणतो. काहून आणतो? जिथे धरला तिथेच मारता आला असता. कॅमेरा हलत नाही, कट (चित्रण तोडून दुसरं जोडणं) नाही, म्हणून कृतीला चौकटीत यावं लागतं. हे उत्तर मुलांच्या तोंडून आलं की तुमचा पहिला धडा झाला, कारण माळी वागतोय तो कॅमेऱ्याच्या सोयीने, हे त्यांनी स्वतः पकडलं. पाऊण मिनिट चारदा म्हणजे तीन मिनिटं. उरलेली ३७ मिनिटं बोलायला आणि लिहायला.

लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरा. ‘ई’ कळ दाबली की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं. मुलांना सगळ्यात जास्त चकित करते ती ही एक कळ.

पुढच्या तासिकांना शॉटमोजणी. शॉट म्हणजे दोन कटांमधला सलग तुकडा. कुठल्याही सिनेमाचं एक मिनिट लावा, कट झाला की प्रत्येकाने वहीत एक रेघ मारायची. ६० भागिले रेघा म्हणजे एका शॉटची सरासरी लांबी. १२ रेघा आल्या तर ५ सेकंद. रेघा प्रत्येकाच्या वेगळ्या येतात, कारण मुलं गोष्टीत अडकतात आणि कट निसटतो. म्हणून दुसऱ्यांदा आवाज बंद करून मोजा. आकडे लगेच जुळायला लागतात. आवाज कट कसा झाकतो, हे त्या जुळण्यातूनच शिकवून होतं. नंतर तेच गणित मालिकेला आणि बातम्यांना लावा.

बोध लिहिण्याची सवय मोडायला एक नियम: आधी ‘काय दिसलं’, मग ‘काय ऐकू आलं’, मग ‘काय वाटलं’, शेवटी ‘कशामुळे वाटलं’. पहिल्या दोन प्रश्नांत विशेषण बंद. ‘गरीब बाई’ नाही. ‘बाईच्या पदराला ठिगळ, चूल विझलेली, कॅमेरा वरून’. अन् ‘दाखवले आहे’ हा शब्दप्रयोग वर्गातून हद्दपार करा. त्याच्या आड सगळं लपतं.

टिनशेड_टॉकीज

राजेहो, खोक्यावरचे ६००० लुमेन विसरून जा. अशा स्वस्त मशिनचा एएनएसआय लुमेनचा (म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेल्या खऱ्या उजेडाचा) आकडा बहुधा दोन-तीनशेच्या घरात राह्यते. मॅन्युअलात एएनएसआय कुठे लिहिलं आहे का ते पाहा, नसंल तं २५० धरून चाला.

हिशेब सोपा हाय. एएनएसआय लुमेन भागिले पडद्याचे चौरस फूट. अंधाऱ्या खोलीत उत्तर १२ ते १६ च्या मधात आलं की चित्र चांगलं दिसते. पडदा ६ बाय ३.४ फूट म्हणजे साधारण २० चौरस फूट, उत्तर १२. चालते. हौसेनं ८ बाय ४.५ केला की ३६ चौरस फूट, उत्तर ७, आणि रात्रीचा सीन आला की नुसता काळा डबरा. म्हणून लहान पडदा, पण पक्का अंधार. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीत पाहिजे, तुमच्या केसमध्ये २० फूट. खालची कड पोट्टे सतरंजीवर असतील तं जमिनीपासून ३ फूट, बेंचवर असतील तं ४.

अंधारासाठी पडदे शिवत बसू नका. गावात मल्चिंग पेपर (पिकाच्या वाफ्यावर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद) कोणाकडेही उरलेला भेटते, ४ फुटी पट्टा. खिडकीच्या मापानं कापायचा, दोन पदर करायचे. एका पदरातून दुपारचं ऊन झिरपते. चंदेरी बाजू बाहेर, काळी बाजू आत. उलटं लावलं तं खोली पण तापते अन् पडद्याचा उजेड चंदेरीवर पडून वर्गभर फिरते. वरचे झरोके उत्तरेकडचे असतील तं उघडे ठेवा, नाही तं ४८ पोट्टे आत उकडून निघतीन.

पडद्याले बेडशीट लावू नका, अर्धा उजेड आरपार जाते. ऑइलपेंटची भिंतही नको, मधात चकाकी येते. साधा डिस्टेंपर उत्तम. नाही तं तालुक्याच्या बॅनरवाल्याकडून न छापलेला पांढरा फ्लेक्स घ्या, भिंतीले चिकटून ताणून लावा. प्रोजेक्टरचं अंतर: मॅन्युअलात थ्रो रेशो पाहा, म्हणजे अंतर भागिले पडद्याची रुंदी. १.४ असंल तं ६ फूट रुंदीसाठी ८.४ फूट. म्हणजे मशिन पोरांच्या मधात येते, वायर पायात येते. वायर जमिनीले चिकटपट्टीनं पूर्ण लांबी चिकटवा, नाही तं एका दिवशी प्रोजेक्टर खाली येतेच.

उष्णता ही आपल्याकडची खास भानगड. बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंत चालाले बनवले राह्यतात. मार्च-एप्रिलमध्ये टिनाखाली दुपारी चालवलं तं मधातच बंद पडते, मशिन बिघडलं नसते, स्वतःले वाचवत राह्यते. सकाळच्या शाळेत पहिल्या-दुसऱ्या तासिकेले उरकून घ्या. अन् दर पंधरा दिवसांनी जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं काढा. सोयाबीन निघाच्या दिवसांत दर आठवड्याले.

भारनियमनासाठी १५० एएचची बॅटरी अन् इन्व्हर्टर असंल तं प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर मिळून २४० वॅटला चार तास आरामात. ६०० व्हीएचा नुसता यूपीएस दहाएक मिनिटांचा धनी.

भोंगा मात्र खोलीत आणू नका. भोंग्याले खालचे सूर येत नाहीत, अन् टिनाखाली घुमून शब्द एकमेकांवर चढतात. साधा लाकडी पेटीचा स्पीकर, पडद्याच्या खाली.

पैनगंगाकाठ

मल्चिंग पेपर डोक्यात आला नव्हता, आज दोन खिडक्यांना लावून पाहिला, फरक जबरदस्त. ब्लूटूथचा पेटीस्पीकर मिळालाय, पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. आणि एका ओटीटीवरून प्रोजेक्टरला जोडलं तर आवाज येतो, चित्र काळं. केबल खराब समजायची का?

टिनशेड_टॉकीज

ब्लूटूथ आवाज पाठवाले उशीर लावतेच, दहावा भाग ते पाव सेकंद. ऑक्स वायर लावा, विषय संपला. वायर नसंल तं व्हीएलसीत ‘जे’ अन् ‘के’ कळा आहेत, एका दाबाले आवाज ५० मिलिसेकंद मागेपुढे होते. बोलणाऱ्याचा ‘प’ किंवा ‘म’ पाहून जुळवा, ओठ मिटलेले दिसतात.

काळ्या चित्राचं कारण केबल नाही. नक्कल होऊ नये म्हणून ओटीटीवाले एचडीएमआयमध्ये कुलूप लावतात. स्वस्त प्रोजेक्टर नाही तं जुना अडॅप्टर ते कुलूप उघडू शकत नाही. त्याच्या मागे लागू नका, त्यात कायद्याचीही अडचण हाय, ते खाली कोणीतरी सांगीन.

कलम_बावन्न

सांगतो. कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ५२(१), खंड ‘जे’. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक फक्त शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. अडचण होते ती पुढे: स्नेहसंमेलनाला पटांगणात सगळ्या गावासाठी लावला की हे कवच गेलं. तिकीट किंवा वर्गणीच्या तर जवळही जाऊ नका.

ओटीटीचं प्रकरण वेगळं. तिथे कॉपीराइटशिवाय तुमचा कंपनीशी करार असतो आणि त्यात सहसा ‘वैयक्तिक, घरगुती वापर’ असं लिहिलेलं असतं. कायद्याने सूट असली तरी करार मोडतो. त्यापेक्षा डीव्हीडी घ्या किंवा हक्कदाराने स्वतः यूट्यूबवर टाकलेला चित्रपट. फिल्म्स डिव्हिजनचे (१९४८ची स्थापना, आता एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) माहितीपट दहा-वीस मिनिटांचे असतात, तासिकेत पूर्ण बसतात. जुन्या चित्रपटांचं म्हणाल तर भारतात चित्रपटाचं कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढल्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९५५चा चित्रपट २०१५च्या अखेरीस मोकळा झाला. गाण्याच्या आणि नव्याने केलेल्या प्रतीच्या हक्कांकडे तेवढं लक्ष असू द्या.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघूनच निवडा. नोव्हेंबर २०२४पासून यूएचे तीन भाग झाले आहेत, ७+, १३+ आणि १६+. नववीला यू, यूए ७+ किंवा यूए १३+ एवढंच. जुन्या चित्रपटांवर नुसतं यूए असेल तर आधी पूर्ण स्वतः पाहा, पळवत नाही.

मुलांनी केलेल्या फिल्मला सिनेमाचं गाणं लावून यूट्यूबवर टाकू नका, आपोआप दावा येतो. गावातल्या भजनी मंडळाची ढोलकी स्वतः रेकॉर्ड करा. आणि मुलांचे चेहरे बाहेर जाणार असतील तर पालकांचं लेखी संमतीपत्र, सही किंवा अंगठा, शूटिंगच्या आधी.

झाडीपट्टीवाला

वरच्या टिनाच्या छपरावरून एक गोष्ट सुचते. जुलै-ऑगस्टात पाऊस टिनावर कोसळतो तेव्हा कुठलाही स्पीकर हरतो. म्हणून पावसाळ्यात मूकपट घ्या आणि आवाजाचा भाग दिवाळीनंतर. क्रमही बरोबर लागतो: जगात सिनेमा आधी मुका होता. ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिला खेळ, ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित, आणि आपल्याकडे बोलका सिनेमा १९३१ला.

पावसाळ्यातच मुगाचा प्रयोग उरका. फाळक्यांनी हरिश्चंद्राच्या आधी भांडवलदारांना पटवण्यासाठी अंकुराच्या वाढीची छोटी फिल्म केली होती, रोप टप्प्याटप्प्याने टिपून. तुम्ही काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर मूग लावा, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकच बल्ब, जुना फोन चार्जरला लावून पुस्तकांमध्ये घट्ट बसवा. दर २० मिनिटांनी एक फोटो म्हणजे दिवसाला ७२, पाच दिवसांत ३६०. सेकंदाला १२ने लावले की अर्ध्या मिनिटाची फिल्म. बिघडतं तीन कारणांनी: फोकस आणि उजेड ‘लॉक’ न केल्याने चित्र लुकलुकतं, कोणीतरी फोन उचलून वेळ पाहतो, आणि वीज जाऊन मधले वीस-तीस फोटो काळे येतात. बल्ब इन्व्हर्टरवर घ्या. काळे फोटो काढून टाकले तर रोप तिथे एकदम उडी मारतं. ती उडी मुलांना मुद्दाम दाखवा, त्यालाच जंप कट म्हणतात.

दिवाळीनंतर आमच्या पूर्वेकडे झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम, वडसा हे त्याचं गाव. तुमच्याकडेही दंडार, भजन, तमाशा काही ना काही असतंच. तेव्हा नाटक आणि सिनेमाची तुलना घ्या: नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा हात दिसावा म्हणून हात मोठा करावा लागतो, सिनेमात क्लोज-अप घेतला की बोट हललं तरी पुरे. मुलांना एकच वाक्य दोन्ही तऱ्हेने करायला लावा, एकदा मैदानाच्या टोकावरून, एकदा फोन तोंडाजवळ धरून. ‘ओव्हरॅक्टिंग’ या शब्दाचा त्यांना नीट अर्थ त्याच दिवशी लागतो. रात्रभर नाटक पाहून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची तासिका देऊ नका, एवढं सांगून ठेवतो.

भिंग_२४

दृष्टिसातत्याबद्दल थोडी दुरुस्ती. पुस्तकात आहे की प्रतिमा १/१६ सेकंद टिकते म्हणून सिनेमा हलता दिसतो. परीक्षेत मुलांनी तेच लिहावं, गुण त्यालाच आहेत. पण नुसती प्रतिमा रेंगाळली असती तर एकावर एक चित्रं साचून गिचमिड दिसली असती. हालचाल मेंदू जोडतो. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२मध्ये यावर प्रयोग केले. फ्रेमच्या मधला अंधार जाणवत नाही तो भाग वेगळा. म्हणूनच जुन्या प्रोजेक्टरची झडप सेकंदाला २४ चित्रांतलं प्रत्येक चित्र दोन-तीनदा उघडझाप करून दाखवायची, लुकलुक कमी व्हावी म्हणून.

वर्गात दाखवायला फ्लिपबुक पुरे. २०० पानी वहीच्या कोपऱ्यात २४ पानांवर उसळणारा चेंडू. पोरं प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतराने सरकवतात आणि तो फुग्यासारखा तरंगतो. वर जाताना अंतर कमी-कमी, खाली येताना जास्त-जास्त केलं की उसळतो. विज्ञानाच्या मास्तरांना इथेच गुरुत्वाकर्षण गाठता येतं.

चौकट_आणि_कट

बरोबर, ती दुरुस्ती हवीच होती. आता शूटिंगचं.

पहिल्या फिल्मला कथा नको. कथा दिली की मुलं दारूबंदी किंवा ‘झाडे लावा’ घेऊन येतात आणि सगळे भाषण देतात. काम द्या: सायकलचं पंक्चर काढणं. पाच शॉट, प्रत्येक १० सेकंदांचा, कॅमेरा एकदाही न हलवता: हातांचा क्लोज-अप, करणाऱ्याचा चेहरा, दुकान आणि सायकल मिळून लांबून, खांद्यामागून, आणि पाचवा कोन त्यांच्या मनाचा. पाचव्यात बहुतेक गट घमेल्यातल्या पाण्याजवळ फोन नेतात. ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली, अंगठा त्या जागेवर गेला. एवढ्यात गोष्टीचा ‘आता काय होणार’ येतो आणि एक शब्द बोलावा लागत नाही.

काय बिघडतं ते सांगतो. रेकॉर्डिंग सुरू करताच कृती सुरू होते, त्यामुळे कापायला जागा उरत नाही. बटण दाबून मनात तीन अंक, मग कृती, कृती संपली की पुन्हा तीन. फोन उभा धरतात, आडवाच. फोनला एअरप्लेन मोड, नाहीतर नेमका चांगल्या टेकमध्ये मास्तरांच्या घरून फोन येतो. फोकसला बोट दाबून ठेवून लॉक करा. खोलीत ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. साध्या १०८०पी रेकॉर्डिंगला मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा लागते; शूटिंगच्या आदल्या दिवशी फोनमधले शुभसकाळचे फोटो काढून टाका.

आवाज दुसऱ्या फोनवर, बोलणाऱ्यापासून एका हातावर, फोन जुन्या लोकरी मोज्यात घालून, म्हणजे वारा फडफडत नाही. दोन्ही फोन सुरू झाले की चौकटीत एक टाळी वाजवा. लॅपटॉपवर टाळीचं चित्र आणि टाळीचा उंच टोकदार आवाज एकावर एक ठेवले की जुळलं.

४८चे आठ-आठचे सहा गट, फोन तीन, म्हणजे आवाज वेगळा घ्यायचा नसेल तेव्हा दोन पाळ्या. भूमिका कागदावर लिहून आळीपाळीने फिरवा. नाही फिरवली तर फोन पोट्ट्यांकडे आणि नोंदवही पोरींकडे जाते, आणि वर्षभर तिथेच राहते.

दुसरी फिल्म संवादाची. दोघं समोरासमोर बसवा आणि त्यांच्यामधून जमिनीवर फक्कीने लांब रेघ मारा. सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने. मुद्दाम एक शॉट पलीकडून घ्या, जोडून दाखवा. दोघं एकमेकांऐवजी एकाच दिशेला बघताना दिसतात. १८० अंशांचा नियम पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

तिसरं, कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाचा प्रयोग, १९२०च्या सुमाराचा, सोव्हिएत रशियातला. एका मुलाचा कोरा चेहरा सहा सेकंद, पुढे एकदा भाकरीचं ताट, एकदा कोरडी विहीर, एकदा रिकामा पाळणा. चेहरा तोच, पण पाहणाऱ्याला भूक, काळजी, दुःख असं वेगवेगळं दिसतं. फसतो तो दोन कारणांनी. मुलगा अभिनय करतो. त्याला मनात वीसपासून उलटे आकडे मोजायला सांगा. आणि अख्ख्या वर्गाला तिन्ही एकापाठोपाठ दाखवले की गुपित फुटतं. १६-१६चे तीन गट करून प्रत्येकाला एकच दाखवा, उत्तरं चिठ्ठीवर, मग फळ्यावर. पुढच्या काळातल्या काही चाचण्यांत हा परिणाम इतका ठळक मिळाला नव्हता, तेव्हा तुमच्या वर्गातही चिठ्ठ्या मिसळ आल्या तर लपवू नका.

जोडणीला शॉटकट हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, ८ जीबीवर चालतं. फोनची फाईल टाकल्यावर ‘व्हेरिएबल फ्रेम रेट’ (सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त) म्हणून रूपांतर करायचं विचारतं, तिथे ‘हो’ म्हणा. नाही म्हटलं तर तीन-चार मिनिटांनंतर आवाज हळूहळू सरकायला लागतो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. गुणांचा प्रश्न राहिला. गटाला १० दिले तर आठही जणांना १० जातात, त्यात दोघांनी फोनला हातही लावलेला नसतो. आणि पालक विचारतात, ‘याचं पुढं काय?’

चौकट_आणि_कट

गटाच्या फिल्मला २०पैकी ५च ठेवा. शॉट-तक्त्याला ६: शॉट क्रमांक, सेकंद, चौकटीत काय, कॅमेरा कुठे, आवाज काय, असे पाच रकाने, न पाहिलेल्या ३० सेकंदांच्या तुकड्यावर. रसग्रहणाला ५, साचा मराठीचाच घ्या, आशयसौंदर्य तसंच ठेवायचं, काव्यसौंदर्याच्या जागी चौकट आणि उजेड, भाषिक वैशिष्ट्यांच्या जागी कट आणि आवाज. मुलांना तो साचा पाठ असतो, नवं काही शिकवावं लागत नाही.

उरलेले ४ तोंडी. प्रत्येकाला एकच प्रश्न: ‘तुमच्या फिल्ममधला एक कट निवड आणि तिथेच का कापलं ते सांग.’ दोन मिनिटं माणशी, ४८ जणांना ९६ मिनिटं, म्हणजे तीन तासिका. ज्याने फोनला हात लावला नाही तो इथे सापडतो, आणि जो गप्प बसून सगळं बघत होता तोही. फिल्म फसलेली असली तरी तोंडीत पूर्ण गुण मिळू शकतात, हे आधीच जाहीर करा.

पालकांना खरं तेच सांगा. पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था १९६०ची, प्रभात स्टुडिओच्या जागेवर, पण तिथल्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे तिथे बारावीनंतर लगेच प्रवेश नाही. तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना मात्र शॉट जुळवून कापणारं पोरगं आजच पाहिजे असतं.

पैनगंगाकाठ

तोंडीची कल्पना घेतली. शेवटचं एक: वारा सुटला की मल्चिंग पेपर फडफडतो आणि खालून उजेड आत मारतो. चिकटपट्टी दोन दिवसांत सुटते, भिंतीला चुना आहे.

टिनशेड_टॉकीज

चुन्यावर चिकटपट्टी कधीच टिकत नाही. खालच्या कडेले बांबूची कामटी घालून कागद दोन वेढे गुंडाळा अन् सुतळीनं बांधा, वजनानं ताणून राह्यते. वरची कड चौकटीले दोन खिळे मारून तारेवर. तासिका संपली की कामटीसकट वर गुंडाळून ठेवाचा, शिपाईभाऊले रोज काढा-लावाचं काम नाही पडत. खिडकीपेक्षा चारही बाजूनं सहा-सहा इंच जास्त कापा, कडेचाच उजेड जास्त सतावते.